पाव, मफिन, पॅटिस: न्याहारीसाठी आधी भाजून फ्रीझरमध्ये ठेवण्याची रीत

रविवारी हौसेने दोन लाद्या पाव भाजायचे, फ्रीझरमध्ये टाकायचे, आणि बुधवारी सकाळी काढावेत तर एक तर चिवट, नाहीतर बुडाशी ओले गिच्च. ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. मागच्या महिन्यात शेजारच्या काकू पिशवीच घेऊन आल्या. पिशवीच्या आतल्या बाजूला बर्फाचा भुगा, पावांच्या बुडाशी थिजलेलं पाणी आणि वरच्या सालीवर पांढुरके कोरडे चट्टे. "फ्रीझर बिघडलाय गं बहुतेक," म्हणाल्या. फ्रीझर ठणठणीत होता. पाव कोमट असतानाच पिशवीत गेले होते.

जवळजवळ सगळी गडबड इथेच होते: ओटीजीतून (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमधून) काढल्यापासून फ्रीझरचं दार बंद होईपर्यंतच्या दोन-तीन तासांत. उरलेली सकाळी गरम करताना होते. म्हणून पाककृती मी थोडक्यात देते आणि या दोन जागी जास्त थांबते.

आधी एवढं ठरवा: कोणता पदार्थ कोणत्या अवस्थेत गोठवायचा

सगळं एकाच पद्धतीने गोठवायला जाऊ नका.

पाव, बन, ब्रेड पूर्ण भाजून किंवा तीन-चतुर्थांश भाजून गोठवावेत. यीस्टचं कच्चं पीठ घरच्या फ्रीझरमध्ये ठेवू नये. थंडीत काही यीस्ट मरतं, मेलेल्या यीस्टमधून सुटणाऱ्या द्रव्याने पिठाचा ताणही सैल होतो, आणि पाव बसका होतो. गोठवलेलं पीठ विकणारे कारखाने यीस्टचं प्रमाण वाढवतात आणि पीठ फार झपाट्याने गोठवतात. ते आपल्याला घरी जमत नाही.

मफिन, केळ्याचा केक हे पूर्ण भाजूनच. सोडा ओल्या मिश्रणात पडला की लगेच काम सुरू करतो, भांडं फ्रीझरमध्ये जाईपर्यंत त्याचा बराच जोर निघून गेलेला असतो.

पॅटिस, म्हणजे बेकरीत मिळतं ते पदरांचं, मात्र उलटं. सारण भरून, कच्चंच गोठवायचं. पदर लोण्याने सुटतात, आणि लोणी जितकं गार तितके पदर चांगले सुटतात.

सावध: अंडा पॅटिस गोठवू नका. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग गोठून सुटला की रबरासारखा होतो आणि पाणी सोडतो. बटाट्याचं सारण चालतं, पण बटाटा कुस्करलेला हवा. फोडी ठेवल्या तर भुसभुशीत लागतात. कच्चा कांदा, टोमॅटो, काकडी, क्रीमचं आयसिंग यांतलं काहीच गोठवायचं नाही.

टप्पा १: शनिवारी फ्रीझर तयार करा

फ्रीझर उणे १८ अंशांवर असायला हवा. थर्मामीटर नसेल तर आइस्क्रीमवर चमचा टेकवून बघा. डब्यातून काढल्या काढल्या चमचा सहज रुतत असेल तर फ्रीझर पुरेसा थंड नाही. थंडी वाढवा आणि एक रात्र जाऊ द्या.

एकाच दाराचा फ्रिज असेल, वर बर्फाचा छोटा कप्पा असतो तो, तर तिथे एवढी थंडी टिकत नाही. पाव ठेवता येतो, पण आठवडा-दहा दिवसांत संपवायचा. स्वतंत्र दाराच्या फ्रीझरमध्ये पाव महिनाभर चांगला राहतो, तेलातले मफिन दोन महिने. त्यापुढे बिघडत नाही, पण चव उतरते आणि फ्रीझरचा वास लागतो.

एक पसरट जागा मोकळी करा, तिथे ताटली सपाट मावली पाहिजे. मासे, मटण वेगळ्या कप्प्यात आणि घट्ट डब्यात. मैदा आणि लोणी वास फार लवकर ओढून घेतात. सुरमईच्या शेजारी ठेवलेला गोड बन कोणी खात नाही, हे माझ्या घरी झालेलं आहे.

टप्पा २: भाजणं, फ्रीझर डोळ्यांसमोर ठेवून

लादी पावाचं माझं प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, दूध आणि पाणी मिळून साधारण ३१० मिली, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम. यात ५५ ग्रॅमचे १६ गोळे होतात आणि ९ इंची चौकोनी टिनमध्ये चार-चारच्या ओळींत बसतात.

गोठवायच्या पावासाठी मी एक गोष्ट जास्तीची करते. याच मैद्यातला २५ ग्रॅम मैदा आणि याच दुधातलं १२५ मिली दूध घेऊन मंद आचेवर पातळ पिठल्याइतकं घट्ट शिजवते. गार झालं की उरलेल्या पिठात घालून तिंबते. शिजलेला मैदा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे गरम केल्यावर पाव पहिल्या दिवसासारखा मऊ लागतो. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

पीठ दुप्पट होईपर्यंत एक-दीड तास, गोळे करून टिनमध्ये पुन्हा ४०-४५ मिनिटं, मग २०० अंशांवर २० ते २२ मिनिटं. लोणी वरून लावायचं ते थोडंच. जास्त लावलं तर क्लिंग फिल्मला (गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकला) चिकटतं आणि साल सोलून निघते.

तपासा: मधल्या पावाच्या पोटात थर्मामीटर खुपसून ९० अंश आले का बघा. नसेल तर लादी उलटी करून बुडावर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज यायला हवा. "फ्रीझरमध्येच जायचंय, थोडा कमी भाजला तरी चालेल" असं म्हणून पाच मिनिटं आधी काढलेला पाव मध्ये कच्चट राहतो आणि गरम केल्यावर तिथेच गोळा होतो.

थोडा कमी भाजायचाच असेल तर त्याची वेगळी रीत आहे. १५० अंशांवर २० मिनिटं भाजा; पाव फुगून पक्का झाला पाहिजे, पण रंग दुधीच राहिला पाहिजे. टिनमध्येच १५ मिनिटं थांबा, कारण हा पाव नाजूक असतो आणि गरम उचलला तर दबतो. खायच्या दिवशी गोठलेलाच २०० अंशांवर १० मिनिटं ठेवला की ताज्या पावाचा वास घरभर होतो. पाहुणे येणार असतील तेव्हा मी हे करते. रोजच्या घाईत पूर्ण भाजलेलाच बरा.

केळ्याच्या मफिनचं थोडक्यात: कणीक २०० ग्रॅम, गुळाची पावडर १०० ग्रॅम, काळे डाग पडलेल्या केळ्यांचा गर ३०० ग्रॅम, दही १०० ग्रॅम, तेल ८० मिली, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा अर्धा, वेलची, चिमूटभर मीठ. १८० अंशांवर २० मिनिटं, मग सुरी घालून बघा. यात लोण्याऐवजी तेलच घ्या. लोणी गारव्याने घट्ट होतं, तेल होत नाही, म्हणून तेलातला मफिन नुसता बर्फ सुटल्यावर, गरम न करताही मऊ लागतो. डब्यात द्यायला हे फार सोयीचं.

पॅटिससाठी तयार पफ शीट चालते. सारण कोरडं हवं आणि पूर्ण गार हवं. गरम सारणाने लोणी वितळतं, पदर एकमेकांना चिकटतात, मग कितीही भाजा, पॅटिस पुरीसारखं बसतं. मेथी-चीजचे बन करत असाल तर मेथीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, तव्यावर कोरडी परता. सारणात राहिलेलं पाणी गोठतं, सुटतं आणि बन आतून ओला करतं.

टप्पा ३: गार करणं

इथे घाई कराल तर वरची सगळी मेहनत वाया.

भाजून काढलेला पाव बाहेरून हाताला साधा लागला तरी पोटात वाफ असते. तसाच पिशवीत गेला की ती वाफ प्लास्टिकवर थेंब होऊन बसते, थेंबांचा बर्फ होतो, आणि सकाळी तोच बर्फ पावाच्या बुडात उतरतो. काकूंच्या पिशवीत नेमकं हे झालं होतं.

१. पाच मिनिटांनी लादी टिनमधून बाहेर काढा. जास्त वेळ टिनमध्ये राहिली की बूड घामेजतं.

२. जाळीवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. जाळी नसेल तर भाकरी भाजायची जाळी चार वाट्यांवर ठेवा, किंवा पुरणाची चाळणी उलटी घाला. ओट्यावर सपाट ठेवू नका.

३. वर पातळ सुती कापड टाका. पंख्याचा झोत थेट नको, साल तडकते.

४. लादी अर्ध्या तासाने हलक्या हाताने सुटी करा. जोडलेली लादी मध्ये फार वेळ गरम राहते. सुटे पाव तासा-दीड तासात गार होतात, मफिन पाऊण तासात. ब्रेडचा मोठा लोफ असेल तर तीन तास धरा, आणि गार झाल्यावरच कापा.

तपासा: पाव मधोमध उघडा आणि आतला भाग ओठाला लावा. बोटापेक्षा ओठाला ऊब लवकर कळते. जराही कोमट वाटला तर आणखी अर्धा तास.

आता उलट बाजूची चूक. गार व्हायला म्हणून रात्रभर उघडे ठेवणं. पाव गार झाल्या क्षणापासून शिळा व्हायला लागतो, आणि शिळाच पाव गोठवला तर शिळाच बाहेर येतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडच्या हवेत तर साल सकाळपर्यंत लिबलिबीत होते. चीज किंवा भाजी भरलेले बन बाहेर दोन तासांवर ठेवू नका. मे महिन्यात तासाभरातच आवरा.

सावध: "आज फ्रिजमध्ये ठेवते, उद्या फ्रीझरमध्ये टाकते" हे पावाच्या बाबतीत सगळ्यांत वाईट. मैद्यातला स्टार्च भाजताना पाणी पिऊन फुगतो आणि गार झाला की पुन्हा आवळायला लागतो. पाव शिळा होतो म्हणजे मुख्यतः हेच होतं. ते आवळणं फ्रिजच्या थंडीत, शून्य ते पाच अंशांच्या आसपास, सगळ्यांत जोरात चालतं. उणे १८ अंशांना ते जवळजवळ थांबतं. त्यामुळे पाव एक तर बाहेर, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. मधला मुक्काम नाही.

टप्पा ४: आधी उघडे गोठवा

गार झालेले पाव, मफिन, पॅटिस ताटलीत एकमेकांना न टेकता मांडा, पॅटिसखाली बटर पेपर घाला, आणि फ्रीझरमध्ये दीड ते दोन तास ठेवा. दाबले तर दबणार नाहीत एवढे कडक झाले की पुरे. यामुळे पिशवीत ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि बुधवारी नेमके चारच काढता येतात. एका वेळी एकच ताटली. सगळा घाणा एकदम कोंबला तर फ्रीझरचं तापमान चढतं आणि आधीपासून असलेल्या वाटाण्यांवरही बर्फ धरतो.

दोन तासांचे पाच तास होऊ देऊ नका. फोनवर गजर लावा. उघडा पदार्थ फ्रीझरमध्ये वाळतो, कारण बर्फ तिथे पाणी न होताच उडून जातो. ते पांढुरके चट्टे त्याचेच.

टप्पा ५: बांधणं

हवा ही इथली शत्रू. एका न्याहारीला लागतील तेवढे पाव क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, हवेची पोकळी ठेवू नका. अशी पुडकी जाड झिपच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बोटभर उघडं ठेवून तळहाताने सपाट दाबत हवा बाहेर काढा आणि बंद करा. मफिनला इतकं दाबता येत नाही, म्हणून ते गुंडाळून डब्यात. डबा भरेल एवढाच घ्या, अर्ध्या रिकाम्या डब्यात हवाच राहते.

भाजीवाल्याची पातळ पिशवी चालत नाही, तिच्यातून ओल निघून जाते आणि वास आत येतो. वर्तमानपत्रात तर गुंडाळूच नका. छपाईची शाई अन्नाला लागते.

तारीख लिहा. पिशवीवर चिकटपट्टी लावून पेनने "मेथी बन, ६ नग" आणि भाजल्याची तारीख. पिशव्या गोठायच्या आधी लिहायचं, थंड ओलसर प्लास्टिकवर पट्टी चिकटत नाही. नवीन पिशवी मागे, जुनी पुढे.

टप्पा ६: सकाळी काढणं आणि गरम करणं

साठ-सत्तर अंशांपुढे पाव तापला की आवळलेला स्टार्च पुन्हा सैल होतो आणि पाव मऊ होतो. म्हणून नुसता बर्फ सुटणं पुरेसं नाही, पाव आतपर्यंत तापला पाहिजे. पण हा मऊपणा थोडाच वेळ टिकतो. गरम केलेला पाव लगेच खायचा, आणि लागतील तेवढेच गरम करायचे.

रात्री आठवण राहिली तर पुडकं न उघडता ओट्यावर ठेवा. हवेतलं पाणी मग फिल्मच्या बाहेर जमतं, पावावर नाही. उघडून ठेवलं तर तेच पाणी सालीवर बसतं. हे साध्या पावाचं आणि मफिनचं. भाजी-चीजचे बन रात्रभर बाहेर ठेवू नका. ते थेट गोठलेलेच गरम करा.

गरम करण्याच्या रीती, माझ्या आवडीच्या क्रमाने:

वाफ. इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात पाणी उकळून घ्या, चाळणीवर कापड अंथरा, पाव ठेवा, झाकणाच्या आत पंचा बांधा म्हणजे थेंब पडणार नाहीत. सुटलेल्या पावाला दोन मिनिटं, गोठलेल्याला पाच. मिसळीबरोबर, अंडाबुर्जीबरोबर हाच पाव छान लागतो.

तवा. मंद आच, थोडं लोणी, पाव कापून उताणे, वर झाकण. झाकणाच्या कडेला पाण्याचा हबका मारा. मोठी आच केली तर बाहेरून करपतो आणि आत बर्फाची कणी दाताखाली येते.

ओटीजी किंवा एअर फ्रायर. १६० अंश, पावावर ओला हात फिरवून, गोठलेल्याला आठ-दहा मिनिटं. एअर फ्रायर वाऱ्याने वाळवतो, म्हणून त्यात १५० अंशांवर चार-पाच मिनिटांनीच उघडून बघा.

मायक्रोवेव्ह सगळ्यांत शेवटी. ओल्या, पिळलेल्या सुती कापडात पाव गुंडाळा, मध्यम शक्तीवर २० सेकंद, बघा, लागलं तर आणखी १०. यापुढे गेलात तर दोन मिनिटांत पाव लाकूड होतो. फॉइल मायक्रोवेव्हमध्ये घालायची नाही.

पॅटिसचा बर्फ सुटू द्यायचाच नाही. ओटीजी २०० अंशांवर आधी नीट तापवा, फ्रीझरमधून काढून वर दूध लावा आणि थेट आत, २५ ते ३० मिनिटं. बूड खरपूस झालं का ते उचटून बघा. वरचा रंग फसवतो. सारणाच्या मधोमध सुरीचं टोक दहा सेकंद ठेवून हाताला लावा, चटका बसायला हवा.

सावध: सुटलेलं पुन्हा गोठवू नका. साध्या पावाचा पोत जातो एवढंच, पण सारण भरलेल्या पदार्थात ते पोटाला घातक ठरू शकतं.

विकतचा पाव ठेवायचा असेल तर

वर सांगितलेलं सगळं विकतच्या पावालाही लागू. फक्त तो ज्या सकाळी आणला त्याच सकाळी गोठवा; दोन दिवस खाऊन उरलेले चार पाव फ्रीझरमध्ये टाकून काही होत नाही. बेकरीतून लादी गरम मिळाली तर आधी जाळीवर गार करा.

गोव्याहून पोदेराकडची (तिथल्या पाववाल्याकडची) पोयी आणणाऱ्यांनीही हेच करावं. पोयी आतून पोकळ आणि बाहेरून कोंड्याची, म्हणून पावापेक्षा लवकर वाळते. प्रवासात कापडात ठेवा, घरी आल्या आल्या एकेक सपाट करून गुंडाळा. गरम करताना पाण्याचा हात लावून १८० अंशांवर पाच मिनिटं. उंडा, म्हणजे गोव्याचाच गोल पाव, त्याची साल कडक हवी असते, त्याला वाफ देऊ नका, ओटीजीच द्या.

लाइट गेली तर

फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून ठेवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून परत आलात आणि नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाशी गेलेलं असेल तर मधे बराच वेळ लाइट नव्हती, सगळं सुटून पुन्हा गोठलं आहे.

घरी असताना लाइट गेली तर दार उघडू नका. मोठा, गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. एकदारी फ्रिजचा छोटा कप्पा त्याहून बराच कमी. म्हणून फ्रीझरमध्ये जागा मोकळी असेल तर पाण्याच्या बाटल्या तीन-चतुर्थांश भरून ठेवा.

नाणं बुडालेलं दिसलं तर पॅटिस आणि भाजीचे बन वास न घेता टाकून द्या. साधा पाव बघा: आंबूस वास नसेल, बुरशीचा ठिपका नसेल, तर बोटभर जाडीच्या चकत्या कापा, १२० अंशांवर पाऊण तास, मधे एकदा उलटून, खडखडीत वाळू द्या. चहाबरोबर टोस्ट होतात, आणि उरलेला चुरा कटलेटला लावायला डब्यात ठेवता येतो.